इंटिग्रंट: क्लोजरमधल्या चालू-बंदचा हिशेब ठेवणारी लायब्ररी

फंक्शनं कितीही शुद्ध लिहिली तरी डेटाबेसचा कनेक्शन पूल, एचटीटीपी सर्व्हर आणि रांग उपसत बसणारा थ्रेड हे शिल्लक राहतातच. ते ठरावीक क्रमाने सुरू करावे लागतात आणि उलट क्रमाने बंद. क्लोजर या प्रोग्रॅमिंग भाषेत या कामाला मुख्यतः तीन लायब्ररी वापरतात. स्टुअर्ट सिएरा यांची कंपोनंट ही लायब्ररी रेकॉर्ड आणि प्रोटोकॉल या क्लोजरच्या ठरावीक रचना मागते. माउंट नेमस्पेसमध्येच (कोडच्या नाव दिलेल्या विभागात) ग्लोबल स्टेट ठेवते. ती शिकायला सोपी आहे, पण एकाच प्रोसेसमध्ये दोन सिस्टीम उभ्या करायच्या म्हटलं की अडचण होते. जेम्स रीव्ह्ज यांच्या इंटिग्रंटमध्ये अवलंबित्वाचा सगळा आलेख एका साध्या मॅपमध्ये (की आणि व्हॅल्यूंच्या जोड्यांमध्ये) बसतो, आणि तिला पसंती द्यायचं मुख्य कारण तेच.

या मॅपमधली प्रत्येक की नेमस्पेससहित असावी लागते, उदाहरणार्थ :अ‍ॅप/सर्व्हर. तिच्या व्हॅल्यूत पोर्ट वगैरे सेटिंग लिहायची आणि दुसरा घटक हवा तिथे आयजी/रेफ, म्हणजे त्या घटकाच्या कीचा संदर्भ, ठेवायचा (आयजी हे इंटिग्रंटचं छोटं नाव). प्रत्येक कीसाठी इनिट-की ही मल्टिमेथड (की पाहून कोणता कोड चालवायचा ते ठरवणारं फंक्शन) लिहिली की आयजी/इनिट स्वतः क्रम लावून सगळं उभं करते. रेफ दिलाय पण ती की मॅपमध्येच नाही, किंवा दोन घटक एकमेकांवर टेकलेत, तर एकही घटक सुरू होण्याआधीच एक्सेप्शन येतं. मॅप ईडीएन (क्लोजरचं डेटा लिहायचं स्वरूप) फाइलीतूनही वाचता येतो. मात्र तो इंटिग्रंटच्या स्वतःच्या रीड-स्ट्रिंगने वाचा, नाहीतर रेफचा टॅग ओळखला जात नाही. फाइलीतून वाचताना आणखी एक गोष्ट हमखास राहते: मेथड ज्या नेमस्पेसमध्ये आहेत त्या लोड झालेल्या नसतात. आयजी/लोड-नेमस्पेसेस आधी चालवा.

खरी कसोटी बंद करताना लागते. घटक बंद करणारी हॉल्ट-की! लिहायची राहिली तर कुणी तक्रार करत नाही, कारण तिचं मूळ वर्तन ‘काहीच करू नकोस’ असं आहे. मग रेपलमध्ये (कोड तिथल्या तिथे चालवून बघायच्या प्रॉम्प्टवर) रीसेट केलं की जुना सर्व्हर पोर्ट धरून बसलेला आणि नवा ‘अ‍ॅड्रेस ऑलरेडी इन यूज’ म्हणत पडलेला. शिवाय हॉल्ट-की!ला कॉन्फिग मिळत नाही, इनिटने परत दिलेली व्हॅल्यू मिळते. म्हणजे इनिटमध्ये थ्रेड पूल बनवला आणि परत दिलं फक्त हँडलर फंक्शन, तर तो पूल बंद करायला हातात काही उरत नाही. दोन्ही एका मॅपमध्ये परत द्या आणि रेफमधून काय मिळावं ते ठरवणाऱ्या रिझॉल्व्ह-कीमध्ये फक्त हँडलर पुढे करा. वापरणाऱ्या घटकांना आतला पसारा दिसत नाही.

इनिट अर्ध्यावर फसली तर तोवर उभे राहिलेले घटक चालूच राहतात. तेव्हा येणाऱ्या एक्सेप्शनच्या एक्स-डेटामध्ये (सोबत जोडलेल्या माहितीत) :सिस्टीम या कीखाली अर्धवट सिस्टीम असते. ती काढून आयजी/हॉल्ट! चालवायची. हे न केल्यामुळे रेपल बंद करून पुन्हा सुरू करणारे बरेच भेटतील.

सस्पेंड (तात्पुरतं थांबवणं) आणि रिझ्यूम (पुन्हा चालू करणं) ही जोडी रेपलमध्ये वेळ वाचवते. रिझ्यूम-कीला जुने ऑप्शन, नवे ऑप्शन आणि जुनी व्हॅल्यू असं तिन्ही मिळतं. हँडलर वगळून बाकी ऑप्शन तेच असतील तर चालू सर्व्हरमध्ये फक्त नवा हँडलर बसवायचा. बदलले असतील तर जुना हॉल्ट करून नवा इनिट. हा दुसरा फाटा विसरला, की पोर्ट बदलूनही सर्व्हर जुन्याच पोर्टवर.

दोन-तीनच गोष्टी सांभाळायच्या असतील तर इंटिग्रंट आणूच नये, क्लोजरमधलेच लेट आणि विथ-ओपन पुरेसे आहेत.

टेस्टसाठी आयजी/इनिटला कीजची यादी देता येते. तेवढे घटक आणि त्यांना लागणारे, इतकंच सुरू होतं. मल्टिमेथड ग्लोबल असल्यामुळे टेस्टपुरती मेथड बदलणं हा वाईट मार्ग. त्यापेक्षा :टेस्ट/मेमरी-स्टोअर ही की :अ‍ॅप/स्टोअरपासून डिराइव्ह करा (म्हणजे तिचाच एक प्रकार म्हणून जाहीर करा) आणि मॅपमध्ये खऱ्या स्टोअरच्या जागी ती ठेवा. रेफ न बदलता ती सापडते. खरं स्टोअर मॅपमधून काढायला मात्र विसरू नका, कारण एका रेफला दोन कीज जुळल्या तर इंटिग्रंट थेट नकार देते. आयजी/हॉल्ट! फायनलीमध्येच (टेस्ट फसली तरी चालणाऱ्या भागात) टाका.