घरचा संगणक कोठून घ्यावा: दसऱ्याला घेतलेल्या मशीनचा वळवापर्यंतचा अनुभव

गेल्या दसऱ्याला आम्ही साताऱ्यातल्याच एका दुकानातून असेंबल्ड, म्हणजे सुटे भाग जोडून तयार केलेला, डेस्कटॉप घेतला. थंडी, उन्हाळा आणि वळवाचे पाऊस असा काळ या मशीनने आता पाहिला असल्याने त्याविषयी जबाबदारीने लिहिता येईल असे वाटते. हे लेखन मशीनपेक्षा ते कोठून घेतले याविषयी अधिक आहे, कारण प्रोसेसर कोणता आणि रॅम किती हे आमचे लवकर ठरले होते. खरा खल झाला तो दुकानावर.

संगणक बदलणे भागच होते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित पाठिंबा संपणार होता आणि आमच्या जुन्या मशीनमधला इंटेलचा चौथ्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नव्हता. त्या यादीत इंटेलचे प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचेच आहेत, शिवाय मशीनमध्ये टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय असावी लागते. पत्नी घरूनच तीन-चार व्यापाऱ्यांचे हिशेब टॅलीवर लिहिते, जीएसटीची विवरणपत्रे भरते, म्हणून विंडोज सोडण्याचा प्रश्न नव्हता आणि दुसऱ्यांचे हिशेब असुरक्षित मशीनवर ठेवणेही योग्य नव्हते.

माझे काम मोडी कागदांचे. परिसरातल्या काही घराण्यांकडची जुनी कागदपत्रे त्यांच्या संमतीने स्कॅन करून मी त्यांचे लिप्यंतर करतो. ए४ आकाराचे एक पान ६०० डीपीआयवर (एका इंचात ६०० ठिपके) रंगीत स्कॅन करून कोणतेही आकुंचन न करता ठेवले, तर त्याची फाईल १०० एमबीच्या थोडी वरच जाते. म्हणजे २ टीबीच्या हार्ड डिस्कवर जेमतेम १९ हजार पाने मावतात. अशी पाच-सहा पाने एकाच वेळी उघडून शाई फिकटलेल्या जागा उजळून पाहायच्या, तर ८ जीबी रॅम पुरत नाही. त्यामुळे रायझन ५ ५६००जी हा सहा कोअरचा प्रोसेसर, ८ जीबीच्या दोन रॅम, विंडोज आणि टॅलीसाठी १ टीबीची एसएसडी (हार्ड डिस्कहून वेगवान साठवण), स्कॅनसाठी वेगळी हार्ड डिस्क आणि २४ इंची आयपीएस मॉनिटर असे आम्ही ठरवले. या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स अंगचेच असल्याने वेगळे कार्ड लागत नाही. मात्र ते ग्राफिक्स मुख्य रॅमच वापरते, म्हणून १६ जीबीची एक स्टिक घेण्याऐवजी ८ च्या दोन घेणे फायद्याचे असते.

हे सगळे घ्यायचे कोठून? नावाजलेल्या कंपनीचा तयार डेस्कटॉप शोरूममधून घेणे हा पहिला मार्ग. त्याचा मोठा गुण म्हणजे संपूर्ण मशीनची जबाबदारी एकाच कंपनीवर असते. काही बिघडले की एका क्रमांकावर फोन करायचा आणि घरपोच सेवेची वॉरंटी असेल तर माणूस घरी येतो. विंडोजही परवान्यासह आतच असते. ज्यांच्या घरात संगणकाचे झाकण कोणी उघडणार नाही, त्यांनी हाच मार्ग धरावा असे मी आजही सांगेन. आमच्या बाबतीत अडचण वेगळी होती. अशा बऱ्याच डेस्कटॉपमध्ये एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा भाग) आणि मदरबोर्ड कंपनीच्या खास मापाचे असतात, कॅबिनेट लहान असते आणि दुसरी हार्ड डिस्क बसवायला जागा नसते. वॉरंटी संपल्यावर एसएमपीएस गेला तर बाजारातला साधा एसएमपीएस त्यात बसत नाही. स्कॅनचा साठा दरवर्षी वाढणार असताना असे बंद घर आम्हाला परवडणारे नव्हते.

दुसरा मार्ग मोठ्या बाजाराचा. मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, हा संगणकाच्या सुट्या भागांचा जुना आणि मोठा बाजार आहे आणि पुण्यातही पुष्कळ दुकाने आहेत. पर्याय भरपूर मिळतात आणि भावही उतरतात, यात शंका नाही. मी दोन्हीकडून कोटेशन मागवली आणि ती ओळीओळीने ताडून पाहिली. सर्वांत स्वस्त कोटेशनमध्ये प्रोसेसरपुढे ‘ट्रे’ असा शब्द होता. खोक्यातल्या प्रोसेसरला कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी मिळते. ट्रेमधल्या सुट्या प्रोसेसरला कंपनी ग्राहकाला थेट वॉरंटी देत नाही, जी काही द्यायची ती विकणाऱ्याने द्यायची असते. त्याच कोटेशनमध्ये एसएमपीएसपुढे नुसते ‘४५० वॅट’ लिहिले होते, ना कंपनीचे नाव ना मॉडेल. एका दुकानदाराने तर बिल न घेतल्यास जीएसटीचे १८ टक्के वाचतील असे सुचवले. असा सौदा कोणीही करू नये. बिल नसेल तर काही कंपन्या वॉरंटीची मुदत वस्तू कारखान्यातून निघाली त्या तारखेपासून धरतात, ग्राहक म्हणून दाद मागायची तर खरेदीचा पुरावा हाती राहत नाही, आणि ज्यांच्या व्यवसायाची जीएसटी नोंदणी आहे त्यांचे इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावटही जाते.

जीएसटीचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून नवे दर लागू झाल्यावर संगणकही स्वस्त होतील या आशेने अनेकजण थांबले होते. संगणकावरचा दर मात्र आधीही १८ टक्केच होता आणि नंतरही तोच राहिला. २८ वरून १८ वर आले ते ३२ इंचांहून मोठे मॉनिटर. आमच्या २४ इंची मॉनिटरला त्याचा काहीच लाभ नव्हता.

तिसरा मार्ग ऑनलाइन खरेदीचा. येथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. अ‍ॅमेझॉन आणि फ्लिपकार्ट ही आपल्याकडे बाजारपेठा आहेत. प्रत्यक्ष विकणारा वेगळाच असतो आणि बिलही त्याच्याच नावाचे येते. त्यामुळे एकाच मशीनचे सात भाग सात विक्रेत्यांकडून, तीन-चार राज्यांतून येऊ शकतात. परराज्यातून आलेल्या बिलावर सीजीएसटी आणि एसजीएसटीऐवजी आयजीएसटी लागतो. एकूण कर तेवढाच असल्याने ती चिंता नाही. चिंता आहे ती परतीच्या मुदतीची. ती साधारणपणे आठवडा-दहा दिवसांची असते आणि बऱ्याच वस्तूंना पैसे परत न मिळता फक्त बदली मिळते. त्या मुदतीत सगळे भाग येऊन, जुळून, तपासून झाले पाहिजेत. एखादा भाग उशिरा आला की आधी आलेल्या भागांची मुदत खोक्यातच संपते. पुढे बिघाड झाला की ज्या त्या कंपनीचे सर्व्हिस सेंटर आपणच शोधायचे आणि साताऱ्याच्या माणसाला ते बहुधा पुण्यातच सापडते, म्हणजे शंभराहून अधिक किलोमीटरवर. कायद्याचा आधार नाही असे नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. पण मार्च अखेरीला हिशेब अडले असताना मशीन चालू होणे महत्त्वाचे असते आणि तेवढ्या तातडीने आयोग ते करून देऊ शकत नाही.

शेवटी आम्ही गावातल्या दुकानात गेलो. एकूण खर्च मॉनिटर आणि यूपीएससह ६० हजारांच्या आसपास आला. ऑनलाइन दरांची बेरीज करून पाहिली तर चारेक हजारांनी जास्त. दुकानदाराने काही बाबतींत आपणहून खर्च कमीही केला. मी जास्त वेगाची, चौथ्या पिढीची एसएसडी लिहून नेली होती. एसएसडी ज्या जोडणीवर चालते ती पीसीआयई या प्रोसेसरवर ३.० म्हणजे तिसऱ्या पिढीपर्यंतच चालते, त्यामुळे त्या एसएसडीचा जादा वेग येथे मिळणारच नाही, असे सांगून त्याने तिसऱ्या पिढीची एसएसडी दिली. उरलेल्या पैशात ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया घालवण्याचे मानांकन) दर्जाचा एसएमपीएस घेण्याचा आग्रह धरला. त्या बिलाइतके व्यवस्थित बिल मला क्वचितच मिळाले आहे: प्रत्येक भागाचे मॉडेल, त्याचा सिरियल नंबर आणि पुढे वॉरंटीची वर्षे. विंडोजचा परवाना वेगळा आणि रिटेल घेतला, कारण तो पुढे दुसऱ्या मशीनवर नेता येतो; ओईएम परवाना, म्हणजे नव्या मशीनबरोबर दिला जाणारा, मदरबोर्डला बांधलेला राहतो. चार-पाचशे रुपयांत मिळणाऱ्या विंडोजच्या संशयास्पद ‘की’ (परवाना क्रमांक) दुकानात नव्हत्याच, ही बाब मला त्या दुकानाविषयी बरेच काही सांगून गेली.

मशीन बसवायला आलेल्या मुलाने सर्वांत आधी मल्टिमीटर काढला आणि भिंतीवरच्या सॉकेटमध्ये न्यूट्रल व अर्थिंग यांच्यातला व्होल्टेज मोजला. तो दोन-तीन व्होल्टच्या आत असावा लागतो. आमच्या खोलीत काटा चौदाच्या पुढे गेला. “वहिनी, आधी वायरमन बोलवा, मग मी मशीन लावतो,” असे म्हणून खोकी तशीच ठेवून तो निघून गेला. अर्थिंगची जुनी पट्टी मातीत गंजून तुटली होती. ती नवी घातल्यावरच त्याने मशीन चालू केले. एप्रिल-मेमध्ये वळवाच्या पावसात आमच्याकडे वीज ज्या प्रकारे जाते-येते ते पाहता, या एका तपासणीचे मोल त्या चार हजारांहून जास्त आहे असे माझे ठाम मत आहे. कुरिअरने आलेल्या खोक्याबरोबर मल्टिमीटर घेतलेला माणूस येत नाही.

खरी कसोटी संक्रांतीच्या सुमारास लागली. मोठ्या फाईल उघडल्या की मशीन अचानक निळा पडदा दाखवून बंद पडू लागले. कधी दिवसभर काही नाही, तर कधी तासात दोनदा. असा आंतरायिक बिघाड सर्वांत त्रासाचा, कारण सर्व्हिस सेंटरला नेले की तेथे ते नेमके नीट चालते. “सर, मशीन ठेवून जावा, रात्रभर टेस्टला लावतो,” असे दुकानदार म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याने मेमटेस्ट या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रामचा पडदा दाखवला: मधल्या एका टप्प्यापर्यंत सारे ठीक आणि मग एकाखाली एक लाल ओळी. एकेक रॅम काढून पुन्हा तपासल्यावर दोष एकाच स्टिकमध्ये असल्याचे दिसले. एसएसडी, विंडोज आणि मदरबोर्ड निर्दोष ठरले.

नेमके याच काळात रॅमचे भाव कडाडले होते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांकडे मेमरी चिपचा ओघ वळल्याने किरकोळ बाजारात तुटवडा होता. मायक्रॉन कंपनीने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशियल हा आपला ग्राहकांसाठीचा व्यवसायच बंद करण्याचे जाहीर केले होते. आम्ही दसऱ्याला घेतलेली तीच रॅम जानेवारीत दुपटीच्याही पुढे गेली होती. नवी विकत घेऊन काम चालवायचे म्हटले तरी जिवावर आले असते. दुकानदाराने सदोष स्टिक आरएमएला, म्हणजे वॉरंटीत बदलून घेण्यासाठी कंपनीकडे, पाठवली आणि स्वतःकडची एक स्टिक तात्पुरती लावून मशीन त्याच संध्याकाळी परत दिले. कंपनीकडून बदली यायला बरेच आठवडे लागले. तेवढ्या दिवसांत पत्नीचे एकही विवरणपत्र चुकले नाही. भाव चढलेले असताना त्याने ती स्टिक विकली असती तर चांगला नफा मिळाला असता, हे मी विसरू शकत नाही.

या दुकानातही उणिवा आहेतच. माल मोजकाच असतो. आम्हाला हवे असलेले कॅबिनेट मिळाले नाही आणि मिळालेल्यात समोरून हवा यायला जाळी अपुरी आहे. मे महिन्यात दुपारी खोली तापली की पंख्याचा आवाज स्पष्ट ऐकू येतो. मॉनिटरमध्ये दोनच मॉडेलांतून निवड करावी लागली. कार्डाने पैसे दिले तर दोन टक्के जादा लागतात, म्हणून यूपीआयनेच दिले. आणि आरएमएची वस्तू कोठपर्यंत पोहोचली हे कळायला आपणच विचारत राहावे लागते. शिवाय सगळ्याच गावांत असे दुकान असते असा माझा दावा नाही. दुकान पारखायला मी एकच प्रश्न विचारला होता: वॉरंटीतला भाग गेला तर तुम्ही तो स्वतः जमा करून घ्याल, की मला सर्व्हिस सेंटरचा पत्ता द्याल? ज्याने पत्ता देईन असे सांगितले, त्याच्याकडून घेण्यापेक्षा ऑनलाइन घेतलेले बरे, कारण मग जादा पैसे कशासाठी द्यायचे?

मशीनविषयी थोडक्यात सांगायचे, तर चालू होऊन टॅली उघडेपर्यंत अर्धा मिनिटही लागत नाही. सहा स्कॅन एकदम उघडले तरी मशीन रेंगाळत नाही आणि यूपीएसवर फाईल सुरक्षित करून बंद करण्याइतका वेळ निश्चित मिळतो. कीबोर्ड, माऊस आणि केबल मी पुढेही ऑनलाइनच घेईन. त्यांच्या वॉरंटीसाठी कोणी दुकानात जात नाही. स्कॅनचा साठा मात्र आता हार्ड डिस्कच्या निम्म्यावर आला आहे. दुसऱ्या प्रतीसाठी लागणारी बाहेरची हार्ड डिस्क दिवाळीपूर्वी घ्यायची आहे. ती गावातल्या दुकानातूनच, सिरियल नंबर लिहिलेल्या बिलावर घेणार आहे.