एक बोटीला, एक माणसाला: संकटाचा सिग्नल देणारं यंत्र निवडताना

उत्तनला राहणाऱ्या माझ्या मावसभावाची बोट दोन वर्षांपूर्वी इंजिन बंद पडून रात्रभर वाहत गेली. वायरलेस इंजिनाच्याच बॅटरीवर, त्यामुळे तोही मुका. चार खलाशांनी चार मोबाइल आळीपाळीने केबिनच्या टपावर चढून उंच धरले, रेंजचा एक दांडाही उभा राहिला नाही. पहाटे वसईकडची एक बोट जवळून जात होती, त्यांनी दोर टाकला आणि ओढत आणलं. बोटीवर डॅट होतं, म्हणजे बटण दाबलं की उपग्रहामार्फत संकटाचा सिग्नल देणारं यंत्र. खारं पाणी लागून बिघडू नये म्हणून कुणीतरी ते प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून क्रेटच्या तळाशी, जुन्या जाळ्यांखाली जपून ठेवलेलं. त्या रात्री ते कुणालाही आठवलं नाही.

आता दादा नवी बोट पाण्यात उतरवतोय. त्याने मला विचारलं, "तू ठाण्यात असतेस, तुमच्या ट्रेकवाल्यांना असल्या यंत्रांची माहिती असते. काय घेऊ सांग." योगायोग असा, की आमच्या ग्रुपमध्येही पीएलबी, म्हणजे अंगावर बाळगायचं तसलंच छोटं यंत्र, घ्यायचं का यावर वाद चालू होता. दोघांसाठी मी एकदमच शोध घेतला. तो इथे मांडते आहे, कारण उत्तनच्या तांडेलाचं, म्हणजे बोट चालवणाऱ्या प्रमुखाचं, उत्तर वेगळं, दिवाळ्याच्या किंवा वाशीच्या खाडीत होडी घालणाऱ्याचं वेगळं आणि शनिवारी पहाटेची आसनगाव लोकल पकडणाऱ्या ट्रेकरचं आणखी वेगळं.

आधी हे समजून घ्या, की यंत्र तुम्हाला वाचवत नाही. ते फक्त "मी अमुक, मी इथे आहे" एवढं सांगतं. म्हणून प्रत्येक यंत्राला मी तेच तीन प्रश्न विचारले: हे कोण ऐकणार? मी कोण हे त्यांना कसं कळणार? आणि मी पाण्यात पडेन तेव्हा हे माझ्यापाशी असेल का?

जागा कळते कशी

ठाणे स्टेशनवर न थांबता जाणारी गाडी भोंगा वाजवत येते तेव्हा स्वर चढा असतो आणि समोरून पुढे गेली की तोच स्वर उतरतो. डोळे मिटूनही गाडी कधी समोर आली ते सांगता येतं. जगभरच्या संकट-बीकनांचं, म्हणजे संकटाचा सिग्नल देणाऱ्या यंत्रांचं, जुनं गणित हेच. बीकन 406 मेगाहर्ट्झवर दर 50 सेकंदांनी अर्ध्या सेकंदाचा ठोका देतं, वरून जाणारा उपग्रह त्या ठोक्याचा चढ-उतार मोजतो आणि त्यावरून जागा काढली जाते. या व्यवस्थेचं नाव कोस्पास-सारसाट. अमेरिका, कॅनडा, फ्रान्स आणि तेव्हाचा सोव्हिएत संघ यांनी ती मिळून उभारली. शीतयुद्ध ऐन भरात असताना, जून 1982 मध्ये, पहिला उपग्रह सोव्हिएत रॉकेटवरून गेला आणि त्याच सप्टेंबरात कॅनडात कोसळलेल्या एका लहान विमानातली माणसं त्याच्यामुळे सापडली. एकमेकांवर क्षेपणास्त्रं रोखलेल्या देशांनी बुडणाऱ्यासाठी एकच कान वापरायचं ठरवलं, हे वाचून मी बराच वेळ थांबले होते.

या जुन्या पद्धतीने जागा कळते ती साधारण 5 किलोमीटरच्या आत. ऐकायला बरं वाटतं, पण 5 किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे जवळपास 78 चौरस किलोमीटर पाणी, आणि त्यात लाटांमध्ये एक डोकं. बीकनमध्ये जीपीएस असेल तर हीच जागा 100 मीटरच्या आसपास येते. म्हणून ऐपत असो-नसो, बिनजीपीएसचं स्वस्त बीकन घेऊ नका. शिवाय आता जीपीएस, गॅलिलिओ, ग्लोनास या उपग्रहांवरही हे कान बसवले आहेत. ते उंचावर आणि संख्येने जास्त, त्यामुळे उपग्रह डोक्यावरून जाण्याची वाट बघावी लागत नाही, काही मिनिटांत संदेश पोचतो. शेवटच्या टप्प्यात बीकन 121.5 मेगाहर्ट्झवरही बारीक सूर काढत राहतं आणि हेलिकॉप्टर किंवा जहाज त्याचा माग काढत जवळ येतं.

आपल्याकडे हे संदेश उतरतात बेंगळुरूला, इस्रोच्या इस्ट्रॅक या उपग्रहांचा माग ठेवणाऱ्या विभागातल्या भारतीय मिशन कंट्रोल सेंटरमध्ये. तिथे चोवीस तास माणूस बसलेला असतो. समुद्रातलं संकट असेल तर निरोप तटरक्षक दलाच्या बचाव समन्वय केंद्राकडे जातो, आपल्या किनाऱ्यासाठी मुंबईच्या.

डॅट की ईपर्ब

दादाचा खरा प्रश्न हाच होता.

डॅट इस्रोने आपल्या मच्छीमारांसाठी बनवलं. 2010 पासून वापरात आहे आणि देशभरात 20 हजारांहून जास्त बोटींवर ते पोचलं आहे. आग, बोट बुडणं, आजारपण अशी कारणं वेगवेगळ्या बटणांनी सांगता येतात. हा मोठा फायदा, कारण पलीकडच्या माणसाला पंप घेऊन निघायचं की डॉक्टर, ते आधीच कळतं. जुन्या डॅटची एक खोट होती: बटण दाबलं, पण ऐकलं का कुणी? अंधारात, पाणी चढत असताना हा प्रश्न माणसाला आतून खातो. बरेच जण परत परत दाबत राहतात किंवा धीर सुटून बोट सोडतात. जानेवारी 2024 पासून आलेल्या दुसऱ्या पिढीच्या डॅटमध्ये 'नाविक' या भारताच्या स्वतःच्या दिशादर्शक उपग्रहांमार्फत उलट पोच येते, "संदेश मिळाला" अशी. ब्लूटूथने मोबाइलला जोडलं तर वादळाचे इशारे आपल्या भाषेत वाचता येतात. या एका पोचपावतीसाठी मी जुनं डॅट असलेल्यालाही नवं घ्या म्हणेन.

ईपर्ब म्हणजे जहाजांवर दिसतं ते पिवळं, वर टोकदार अँटेना असलेलं बीकन. ते थेट कोस्पास-सारसाटशी बोलतं, म्हणजे जगात कुठेही. चालू झाल्यावर किमान 48 तास चालतं. त्याची खरी ताकद बटणात नाही, त्याच्या खोक्यात आहे. बोट बुडू लागली की साधारण दीड ते चार मीटर खोलीवर पाण्याच्या दाबाने खोक्याचा खटका सुटतो, बीकन वर तरंगत येतं आणि पाणी लागल्यावर आपोआप बोलू लागतं. तांडेल बेशुद्ध असो, सगळे उड्या मारून गेलेले असोत, त्याला कुणाच्या हाताची गरज नाही. डॅटचं बटण मात्र कुणीतरी दाबावंच लागतं.

मग ईपर्बच सरस? खोल पाण्यात आठ-आठ दिवस जाणाऱ्या, मोठं माणूसबळ असलेल्या बोटीला, हो. पण दोन अडचणी आहेत. एक, तो आपोआप सुटणारा खटका दर दोन वर्षांनी बदलावा लागतो. हा खर्च टाळला तर महागडं ईपर्ब भिंतीवरचं शोभेचं खोकं होतं. दुसरी अडचण जागेची. मच्छीमार बोट उलटते तेव्हा पटकन उलटते, आणि केबिनच्या आत अडकवलेलं ईपर्ब सुटूनही छतालाच थटून राहतं. ते टपावर, मोकळ्या आकाशाखाली हवं, आणि आपल्याकडे तर टपावर दोर, बोये, सुकत घातलेली मासळी असं सगळंच असतं.

ट्रान्सपाँडरचं, म्हणजे बोटीवर बसवायच्या उपग्रह-संदेश यंत्राचं काय, हेही दादाने विचारलं. 30 ऑगस्ट 2024 ला पालघरच्या कार्यक्रमात देशातल्या 1 लाख मच्छीमार बोटींना इस्रोच्या तंत्राचे ट्रान्सपाँडर टप्प्याटप्प्याने बसवायची योजना सुरू झाली. त्यावर दोन्ही बाजूंनी संदेश जातात. तुमच्या बोटीचा नंबर त्यात लागत असेल तर आधी मत्स्यव्यवसाय खात्याच्या कार्यालयात आणि सोसायटीत चौकशी करा, मगच पैसे घाला.

एवढं सगळं सांगून झाल्यावरही एक साधा व्हीएचएफ सेट, म्हणजे बोटीवरचा वायरलेस, काढून टाकू नका. उपग्रह बेंगळुरूला सांगेल, त्यावरचं संकटाच्या हाकेचं चॅनल 16 मात्र दोन मैलांवरच्या वसईच्या बोटीला सांगेल. आणि पहिल्यांदा पोचते ती बहुतेक वेळा शेजारची बोटच. फक्त त्या सेटला स्वतःची वेगळी बॅटरी द्या.

माणूस पाण्यात पडला तर

वरची सगळी यंत्रं बोटीची आहेत. जाळं ओढताना पाय अडकून रात्री दोन वाजता एकटा खलाशी पाण्यात गेला तर बोट पुढे निघून जाते आणि यंत्रंही तिच्याबरोबर जातात. इथे पीएलबी येतं: मुठीत मावेल एवढं, अंगावर बाळगायचं बीकन. अँटेना उलगडायची, बटण दाबून धरायचं. किमान 24 तास चालतं, मासिक भाडं नाही. परदेशात साधारण 300 ते 400 डॉलरला मिळतं.

ते आपोआप सुरू होत नाही, हे खलाशांना आधीच समजावून सांगायला हवं. आणि पाण्यात ते चालवणं फोटोत दिसतं तितकं सोपं नाही. आमच्या ग्रुपमधल्या एकाच्या पीएलबीवर आम्ही, बीकन चालू न करता, नुसती अँटेना उलगडायचा सराव केला. ओल्या, साबण लावलेल्या हातांनी ती पट्टी पहिल्या झटक्यात निघेना, नखाने उचकावी लागली. अँटेना सरळ वर आणि पाण्याबाहेर हवी. लाटेत दोन्ही हात पोहण्यात गुंतलेले असताना हे साधायचं तर पीएलबी लाइफ जॅकेटच्या छातीला दोरीने बांधलेलं हवं. आणि लाइफ जॅकेट अंगात हवं. नाळेखाली, बोटीच्या पुढच्या टोकाशी, रचून ठेवलेलं जॅकेट आणि क्रेटमधलं डॅट, दोन्ही सारखीच.

खाडी आणि डोंगर

दिवाळे, सारसोळे, वाशी, ठाण्याचा चेंदणी कोळीवाडा: खाडीत होडी घालणाऱ्यांना मी एवढा खर्च करायला सांगणार नाही. खाडीत दोन्ही काठांवर मोबाइल टॉवर आहेत. वॉटरप्रूफ पिशवीत गळ्यात अडकवलेला, चार्ज केलेला फोन, 112 आणि तटरक्षक दलाचा 1554 हे नंबर, अंगात जॅकेट. बस. स्मार्टफोनचं पॉवर बटण पटापट तीनदा दाबलं की 112 लागण्याची सोय आपल्याकडे फोनमध्ये असावी लागते. तुमच्या फोनमध्ये ती चालू आहे का, ते आज सेटिंगमध्ये जाऊन बघा.

डोंगराचं वेगळं. माहुलीच्या कड्यावर किंवा सिद्धगडाच्या वाटेवर धारेवर उभं राहिलं की रेंज येते, आणि माणूस पडतो तो घळीत. 112 स्वतःच्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून लागू शकतो, म्हणून "नो सर्व्हिस" दिसलं तरी लावून बघाच. अरुंद घळीत पीएलबीलाही आकाशाची फक्त फट दिसते, त्यामुळे जागा कळायला वेळ लागतो. तरी लांबच्या, आडवाटेच्या ट्रेकला ग्रुपमध्ये एक पीएलबी असावं असं माझं मत झालं आहे. एक दिवसाच्या गर्दीच्या ट्रेकला नको. तिथे पायथ्याच्या गावात सांगून ठेवलेली परतीची वेळ आणि गळ्यातली शिट्टी जास्त कामाची. मिनिटात सहा फुंका, मग एक मिनिट शांत, पुन्हा सहा. हा डोंगरातला जुना ठरलेला इशारा आहे आणि बचावाला येणाऱ्यांना तो कळतो.

परदेशी ट्रेकरांच्या व्हिडिओत दिसणारे सॅटेलाइट मेसेंजर आणि सॅटेलाइट फोन मात्र विसरा. भारतात ते दूरसंचार खात्याच्या परवान्याशिवाय बाळगणं गुन्हा आहे. गोव्याच्या विमानतळावर परदेशी पाहुण्यांनाही त्यापायी पोलिसांना तोंड द्यावं लागलं आहे. पीएलबी घेतानाही विकणाऱ्याकडे परवान्याचे कागद मागा.

नोंदणी

हा भाग सगळ्यात कंटाळवाणा आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचा. प्रत्येक बीकनच्या पोटात एक ओळख असते, त्यात देशाचा आकडा असतो, भारताचा 419. बेंगळुरूच्या केंद्राकडे ती नावावर नोंदवायची, पैसे पडत नाहीत. सिग्नल आला की तिथला माणूस आधी नोंदीतला फोन लावतो: बोट खरंच बाहेर गेली आहे का? किती माणसं आहेत? जगभरात येणाऱ्या संदेशांचा मोठा हिस्सा चुकून दबलेल्या बटणांचा असतो, त्यामुळे हा एक फोन शोधाचे तास वाचवतो. अमेरिकेतल्या भावाने आणलेलं पीएलबी तिकडच्या नोंदीचं असतं. सिग्नल इथे कळेल, पण तुमच्या घरचा नंबर कुणापाशीच नसेल.

दादाच्या जुन्या डॅटच्या कागदावर जो मोबाइल नंबर होता, तो त्याने कधीच बंद केला होता.

शेवटी त्याने नव्या पिढीचं डॅट घ्यायचं ठरवलं, आणि रात्री जाळ्यावर असणाऱ्या दोघांसाठी दोन पीएलबी, कागदपत्रं पक्की झाल्यावर. ईपर्ब पुढच्या हंगामात, बोटीचं कर्ज थोडं हलकं झालं की. डॅटची जागा आम्ही दोघांनी मिळून ठरवली: केबिनच्या दाराच्या उजव्या खांबावर, बसल्या जागेवरून हात पोचेल इतक्या उंचीवर. बॅटरीची तारीख त्याने ऑइल पेंटने खांबावरच लिहिली आहे.

नोंदणीच्या अर्जात पहिला नंबर वहिनीचा, दुसरा माझा. तेव्हापासून मी रात्री फोन सायलेंटवर टाकत नाही.