‘ऑल-इन-वन’ परवान्याचे २३,६०० रुपये

कागद दिसायला झकास होता. जाड आर्ट पेपर, सोनेरी कडा, कोपऱ्यात तिरंग्याची पट्टी, खाली गोल शिक्का. मंडळाचं नाव, कार्यक्रमाची तारीख आणि खाली एकच वाक्य : ‘सदर कार्यक्रमात सादर होणाऱ्या सर्व गीत, नृत्य व नाट्यकृतींसाठी परवानगी देण्यात येत आहे.’ रक्कम २०,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी ३,६००. खजिनदारांनी तो लॅमिनेट करून स्टेजच्या मागच्या पडद्याला टाचला.

उपनगरातल्या एका सोसायटीचं सांस्कृतिक मंडळ, कोजागरीचा कार्यक्रम. आधी मुलांचे सहा नाच, सगळे चित्रपटगीतांच्या मूळ रेकॉर्डिंगवर. मग सोसायटीतल्याच हौशी मंडळींची एकांकिका. शेवटी बाहेरून आणलेला ऑर्केस्ट्रा : दोन गायक, कीबोर्ड, ऑक्टोपॅड आणि उरलेलं सगळं कराओके ट्रॅकवर. रस्त्यावरच्या फ्लेक्सवर संपर्क म्हणून दोन पदाधिकाऱ्यांचे मोबाइल नंबर छापलेले. फसवणारा नंबर तिथूनच उचलतो, त्यासाठी त्याला वेगळी हेरगिरी लागत नाही.

फोन आला कार्यक्रमाच्या चार दिवस आधी. ‘सर, कोजागरीचा प्रोग्रॅम आहे ना तुमचा? म्युझिकचं लायसन काढलंय का? नसेल तर तीन वर्षं आत, आणि जामीनही मिळत नाही बरं का.’ या धमकीत अर्धं खरं असतं, म्हणूनच ती लागू पडते. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड आहे. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये म्हटलं आहे. गाळलेला अर्धा भाग असा : कलमात ‘जाणूनबुजून’ हा शब्द आहे, आणि नफ्यासाठी केलेलं नसेल तर कोर्ट कारणं नोंदवून शिक्षा कमी करू शकतं. आणि मुख्य म्हणजे, कोजागरीच्या चार दिवस आधी फोन करून यूपीआयवर पैसे मागण्याचा अधिकार त्या कलमाने कोणालाच दिलेला नाही.

पैसे गेले. कार्यक्रमाच्या रात्री दुसऱ्या नाचाला एका रेकॉर्डिंग कंपनीचा खरा प्रतिनिधी आला, मोबाइलवर चित्रण केलं, लॅमिनेट केलेल्या कागदाचाही फोटो काढला आणि निघून गेला. महिन्याभराने वकिलाची नोटीस. एकांकिकेच्या लेखकाच्या घरून फोन आला तो वेगळाच. आणि ज्याने कागद दिला त्याचा नंबर बंद.

तो कागद खोटा आहे हे चार दिवस आधीही कळू शकलं असतं, पंधरा मिनिटांत. सगळ्यात सोपी जागा म्हणजे पावतीवरचा जीएसटी क्रमांक. तो १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे : महाराष्ट्र २७, गोवा ३०. पुढची दहा अक्षरं म्हणजे त्या करदात्याचा पॅन. पॅनमधलं चौथं अक्षर, म्हणजे जीएसटी क्रमांकातलं सहावं, तो कोण आहे ते सांगतं. कंपनी असेल तर ‘सी’, भागीदारी फर्म असेल तर ‘एफ’, ट्रस्टला ‘टी’, एकट्या माणसाला ‘पी’. या पावतीवर वर छापलं होतं ‘प्रायव्हेट लिमिटेड’ आणि सहावं अक्षर होतं ‘पी’. जीएसटीच्या पोर्टलवर क्रमांक टाकल्यावर नाव निघालं ते कुणा व्यक्तीचं, व्यवसाय मोबाइल ॲक्सेसरीजचा. यूपीआय करताना पडद्यावर उमटलेलं नावही तेच होतं. ते खजिनदारांनी पाहिलं होतं, पण ‘अकाउंटंटचं असेल’ म्हणून पुढे गेले.

दुसरी खूण त्या एका वाक्यातच होती : ‘सर्व गीत, नृत्य व नाट्यकृतींसाठी’. असा परवाना देऊ शकणारा माणूस किंवा संस्था भारतात नाही, कारण हे हक्क एका हातात नाहीत. एका चित्रपटगीताचंच बघा. शब्द गीतकाराचे, चाल संगीतकाराची; या दोहोंचं सार्वजनिक सादरीकरण इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, म्हणजे आयपीआरएस बघते. २०१७ पासून ती नोंदणीकृत कॉपीराइट सोसायटी, म्हणजे हक्कदारांच्या वतीने परवाने देणारी संस्था आहे. रेकॉर्डिंग ही तिसरी वस्तू, तिचा मालक बहुतेक वेळा म्युझिक कंपनी. रेकॉर्डिंगच्या वर्गात २०२१ मध्ये आरएमपीएल (रेकॉर्डेड म्युझिक परफॉर्मन्स लिमिटेड) नावाची सोसायटी नोंदली गेली. पण मोठ्या कंपन्यांचा बराचसा संग्रह पीपीएल (फोनोग्राफिक परफॉर्मन्स लिमिटेड) आणि नोव्हेक्स या परवाने देणाऱ्या कंपन्यांकडे आहे, आणि या दोन्ही नोंदणीकृत सोसायट्या नाहीत. हक्क आपल्या नावावर लिहून घेतले असतील तर मालक म्हणून त्या कलम ३० खाली परवाना देऊ शकतात, असं मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये ठरवलं. मद्रास उच्च न्यायालय २०२१ मध्ये नेमकं उलट बोललं होतं. हा गोंधळ खरा आहे आणि ठकसेन त्यातच मासे पकडतात. त्यांच्या संस्थेचं नाव चार इंग्रजी आद्याक्षरांचं, खऱ्या नावाशी मिळतंजुळतं असतं. घाईत कोण बघतो एक अक्षर इकडचं तिकडे झालंय ते? कुठली सोसायटी नोंदणीकृत आहे याची यादी कॉपीराइट कार्यालयाच्या संकेतस्थळावर आहे, आणि नोंदणीकृत सोसायटीला आपले दर जाहीर करावेच लागतात. जो दर फोनवर घासाघीस करून ३५ हजारांवरून २० वर येतो, तो दर नव्हे.

आता याच कार्यक्रमाला खरं काय लागलं असतं ते पाहू. मुलांच्या नाचाला मूळ रेकॉर्डिंग वाजलं. म्हणजे त्या सहा गाण्यांच्या रेकॉर्डिंगचा परवाना ज्याच्या संग्रहात ती आहेत त्याच्याकडून, आणि शब्द-चालीसाठी आयपीआरएस. सहा गाणी, प्रत्येकाचं लेबल, म्हणजे म्युझिक कंपनी, शोधून एक कागद करायचा : गाणं, चित्रपट, लेबल, कोणाच्या यादीत. अर्ध्या तासाचं काम. कधी सहापैकी पाच एकाच संग्रहात सापडतात आणि सहावं बदलून टाकलं की एक परवाना वाचतो. ऑर्केस्ट्रा खरोखर जिवंत वाजवत असेल तर तिथे कोणाचंही रेकॉर्डिंग वापरलं जात नाही, फक्त आयपीआरएस पुरतं. पण कराओके ट्रॅक हेही रेकॉर्डिंगच. ते कोणी बनवलं, कुठून विकत घेतलं, हे ऑर्केस्ट्रावाल्याकडून लेखी घ्यावं. ‘परवानगी आमची’ असं ते तोंडी म्हणतात, करारात मात्र ‘सर्व परवानग्या आयोजकाच्या’ अशी ओळ बारीक अक्षरात असते. ती वाचा.

सवलती आहेत, आणि त्या माहीत नसतात म्हणूनच लोक घाबरून पैसे देतात. कलम ५२ मध्ये तीन जागा मंडळांच्या कामाच्या आहेत. पहिली, हौशी क्लब किंवा संस्थेने विनामूल्य प्रेक्षकांसमोर केलेलं नाटक, गाणं, वाचन. यात रेकॉर्डिंग येत नाही. दुसरी, रहिवाशांच्या सामाईक बंदिस्त हॉलमध्ये, किंवा नफ्यासाठी नसलेल्या क्लबच्या उपक्रमात वाजवलेलं रेकॉर्डिंग. तिसरी, खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीतलं सादरीकरण. लग्नाची वरात आणि लग्नाशी निगडित समारंभही यात येतात. गणपतीची आरती लावायला परवाना मागणारा सरळ खोटारडा समजावा. पण आरतीनंतर त्याच मांडवात जाहिरातदारांच्या फलकांखाली होणारा ऑर्केस्ट्रा आपोआप विधी ठरत नाही. गोवा सरकारने जानेवारी २०२४ मध्ये या धार्मिक सवलतीवर काढलेलं परिपत्रक त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने रद्द केलं. कलम जागेवरच आहे, त्यामुळे सवलत मागायची ती कलमावरून. त्या परिपत्रकाचा फोटो कोणी पाठवला तर उपयोग नाही.

या मंडळाने पहिल्या सवलतीचं दार स्वतःच लावून घेतलं होतं. बाहेरच्यांसाठी १०० रुपयांचं ‘मसाला दूध कुपन’ ठेवलं होतं आणि कुपनाशिवाय आत सोडत नव्हते. दुधाचं कुपन म्हणा नाहीतर देणगी प्रवेशिका, दारावर अडवून घेतलेले पैसे समोरचा वकील तिकीटच म्हणणार. प्रवेश सगळ्यांना मोफत आणि दूध हवं त्याने कुपन घ्यायचं, एवढ्या फरकाने निदान एकांकिकेची बाजू बरीच भक्कम झाली असती.

एकांकिकेतली फसवणूक छोटी, १,५०० रुपयांची, पण जास्त चीड आणणारी. नाट्यप्रेमींच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या माणसाने ‘लेखक आता नाहीत, मी त्यांचा पुतण्या, सगळं मीच बघतो’ असं सांगून सही केलेलं पत्र पाठवलं. सोबत विश्वास बसावा म्हणून रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाच्या प्रमाणपत्राची झेरॉक्स. इथे भलेभले फसतात. ते प्रमाणपत्र संहितेतल्या मजकुराबद्दल असतं. लेखकाचा हक्क आणि मानधन यांच्याशी त्याचा संबंध नाही. दोन्ही कागद वेगळे लागतात आणि एकाने दुसऱ्याची जागा भरत नाही.

लेखक गेल्यावर हक्क संपत नाही. मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून ६० वर्षं तो चालतो. म्हणून राम गणेश गडकरी (निधन १९१९) किंवा गोविंद बल्लाळ देवल (१९१६) यांच्या मूळ संहितेसाठी कोणी मानधन मागत असेल तर ते द्यायचं कारण नाही. आचार्य अत्रे १९६९ मध्ये गेले, म्हणजे २०२९ अखेरपर्यंत परवानगी लागते. कुसुमाग्रजांसाठी २०५९, विजय तेंडुलकरांसाठी २०६८. जुन्या नाटकाची कोणी अलीकडे केलेली रंगावृत्ती किंवा नव्याने बांधलेली चाल मात्र त्या माणसाची. तुकोबांचा अभंग सगळ्यांचा. त्याला आधुनिक संगीतकाराने लावलेली चाल आणि तिचं रेकॉर्डिंग सगळ्यांचं नव्हे.

पुतण्या खरा की खोटा हे ओळखायला छापील पुस्तकाचं दुसरं-तिसरं पान उघडायचं. मराठी नाटकांच्या पुस्तकात प्रयोगाच्या परवानगीसाठी कोणाशी संपर्क करायचा ते बहुधा तिथेच असतं. पत्ता जुना असेल तर प्रकाशकाला फोन करायचा, ते सांगतात. पुतण्याच असेल तर हक्क त्याच्याकडे मृत्युपत्राने आला की वारसाने, आणि मुलं-पत्नी आहेत का, हे विचारायला लाजू नये; खऱ्या वारसाला या प्रश्नाचा राग येत नाही. कायद्याला परवानगी लेखी लागते, मालकाकडून किंवा त्याने नेमलेल्या प्रतिनिधीकडून. पत्रात संहितेचं आणि लेखकाचं पूर्ण नाव, संस्थेचं नाव, तारीख, स्थळ, प्रयोगांची संख्या, मानधनाची रक्कम, काटछाटीला मुभा आहे की नाही, प्रयोग स्पर्धेत करायचा आहे का, आणि चित्रण नेटवर टाकायचं आहे का, हे सगळं यावं. या शेवटच्या गोष्टीवर मंडळं फार गाफील असतात. स्टेजवर सादर करण्याचा परवाना यूट्यूब किंवा फेसबुक लाइव्हला चालत नाही. लाइव्ह मध्येच मूक होतं आणि परदेशातले आजी-आजोबा विचारत बसतात की आवाज का गेला.

फ्लेक्सवर नेटवरून उचललेला फोटो, गच्चीवर घरच्या ओटीटी खात्यावरून दाखवलेला सिनेमा, दोन्ही याच जातीचे धोके.

कार्यक्रमाच्या वेळी कोणी येऊन ‘आत्ता पैसे भरा नाहीतर बंद करतो’ म्हणाला तर त्याला खुर्ची द्या, चहा द्या आणि तीन गोष्टी मागा : ओळखपत्र, कंपनीचं अधिकारपत्र, आणि कोणत्या गाण्यावर हक्क सांगतो त्यांची यादी. खाजगी प्रतिनिधीला कार्यक्रम थांबवायचा अधिकार नाही. चित्रण करून तो जाईल, नोटीस येईल, तिला उत्तर देता येईल. कोर्टाचा मनाई आदेश आणला असेल तर त्यावर प्रकरण क्रमांक असतोच, आणि तो कोर्टाच्या संकेतस्थळावर मोबाइलवरून तिथल्या तिथे बघता येतो. आदेश खरा निघाला तर मात्र ते गाणं लगेच थांबवायचं, वाद दुसऱ्या दिवशी. रोख रक्कम कोणालाही द्यायची नाही. बिनबुडाच्या धमक्या सतत येत असतील तर कलम ६० खाली उलट दावा लावता येतो, हे उत्तरात लिहिलेलं असलं की पुढची पत्रं जरा मऊ भाषेत येतात.

पैसे गेलेच असतील तर पहिला तास महत्त्वाचा. १९३० वर फोन करा, सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवा, बँकेला यूपीआयचा १२ आकडी संदर्भ क्रमांक द्या. मग पोलीस ठाणे. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८. या मंडळाला खोटेपणा कळला तो पाच आठवड्यांनी, तोवर त्या खात्यात काही उरलं नव्हतं.

आणि तो लॅमिनेट केलेला कागद रागाच्या भरात फाडू नका. खोटा परवाना घेतला म्हणून खऱ्या मालकाची भरपाई चुकत नाही, ती वेगळी भरावी लागते. पण कलम ६३ मधल्या ‘जाणूनबुजून’ या शब्दापुढे ठेवायला मंडळाकडे तोच एक कागद, ती पावती आणि तो यूपीआयचा क्रमांक असतो. नोटिशीच्या उत्तराला त्यांच्या प्रती जोडाव्यात, मूळ कागद खजिनदारांनी फाइलला ठेवावेत.