ट्रेलरच्या छपरावरची झाकणं: १४ महिन्यांनंतर

अ‍ॅरिझोनात फिनिक्सहून फ्लॅगस्टाफला निघालो होतो, मागे ट्रेलर, म्हणजे गाडीला जोडून ओढायचं फिरतं घर. आय-१७ महामार्गाच्या चढावर मागच्या पिकअपवाल्यानं हॉर्न देत वर बोट दाखवलं. गाडी कडेला घेऊन शिडी लावली, तर ट्रेलरच्या पुढच्या व्हेंटचं, म्हणजे छपरातल्या हवेच्या झरोक्याचं, झाकण गायब. बिजागरीत अडकलेली बोटभर रुंदीची पट्टी तेवढी उरली होती. सप्टेंबर २०२३ ची गोष्ट. इथला मान्सून १५ जून ते ३० सप्टेंबर धरतात आणि त्या रात्री तो आलाच. कचऱ्याची पिशवी डक्ट टेपनं चिकटवून झोपलो होतो. दोनच्या सुमारास पांघरुणावर थेंब पडायला लागले, तेव्हा झोपलेल्या मुलीला उचलून दुसऱ्या टोकाच्या बाकावर नेलं.

त्या उन्हाळ्यात फिनिक्समध्ये सलग ३१ दिवस पारा रोज ११० फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ४३ अंश सेल्सिअस, किंवा त्याहून वर जात होता आणि आमचा ट्रेलर उघड्या यार्डात उभा होता. मूळची झाकणं पॉलिप्रॉपिलीनची. उन्हातले अतिनील किरण या प्लास्टिकच्या रेणूंच्या साखळ्या तोडतात. उरलेल्या दोन झाकणांवर अंगठा घासला तर खडूसारखी भुकटी हाताला लागली, आणि एकाचा कोपरा जरा दाबला तर पापडासारखा मोडला. राजापूरला आमच्या घरी मृगाच्या आधी कौलं चाळून घेतल्याशिवाय बाबांना चैन पडायचं नाही. मी दोन वर्षं या छपरावर चढलोच नव्हतो, याचं फार वाईट वाटलं.

आता मुख्य गोष्ट, बिजागरी. छपरातलं व्हेंटचं भोक १४ बाय १४ इंचाचं असतं हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे झाकण कुठलंही बसेल असं आपण धरून चालतो. दुकानदारानंही तेच सांगितलं, "हे सगळ्यांना बसतं." नाही बसत. जेन्सन, एलिक्सर, व्हेंटलाइन या व्हेंट बनवणाऱ्या कंपन्या, प्रत्येकाची बिजागरीची घडण निराळी, आणि त्यातही जुन्या-नव्या मॉडेलांत फरक. कुठे मागे सलग खोबण असते आणि झाकण बाजूनं सरकवत घालायचं असतं, कुठे दोन सुट्या बिजागऱ्या असतात. पहिलं झाकण आणलं ते पाव इंचानं अडलं. परत करायला गेलो तर पाकीट उघडलंय म्हणून वीस टक्के कापले. दुसरं ऑनलाइन मागवलं, ते सरकलं, पण इतकं सैल की वाऱ्यावर खडखडायला लागलं. पाकिटावर बिजागरीचं एक साधं चित्र छापलं असतं तर माझे पैसे आणि दोन शनिवार वाचले असते. ही गोष्ट मला अजून सलते. तुम्ही घेणार असाल तर आधी वर चढा, जुन्या झाकणाच्या बिजागरीचा अगदी बाजूनं, टोकाकडून फोटो काढा आणि तो दाखवल्याशिवाय पाकिटाला हात लावू नका.

तिसरं झाकण बरोबर निघालं. पहाटे पाचला छपरावर गेलो, कारण आठनंतर त्या छपरावर गुडघा टेकवत नाही. वजन पसरावं म्हणून खाली प्लायवुडची फळी घेतली. हँडलचा दांडा सोडवून जुनं झाकण (पुढच्याची नुसती उरलेली पट्टी) काढलं, नवं सरकवलं आणि खोबणीची दोन्ही टोकं पकडीनं किंचित दाबली, म्हणजे ते बाजूला सरकत नाही. दहा मिनिटांचं काम. फ्लँजच्या, म्हणजे छपरावर टेकलेल्या व्हेंटच्या कडेच्या, स्क्रूंवरचं जुनं सीलंट (फट बुजवणारा लेप) तडकलं होतं, तिथे छपरासाठीचं आपोआप पसरणारं लॅप सीलंट घातलं. आधीच्या मालकानं एका कोपऱ्यात सिलिकॉन फासलं होतं, ते खरवडण्यात मात्र तास गेला. रबरी छपरावर सिलिकॉन टिकत नाही आणि त्याच्यावर दुसरं काही धड चिकटत नाही.

पुढचं आणि स्वयंपाकाकडचं अशी दोन झाकणं पॉलिकार्बोनेट या जास्त मजबूत प्लास्टिकची घेतली. बाथरूमला काटकसर म्हणून साधं स्वस्तातलं पॉलिप्रॉपिलीनचंच लावलं.

बायकोचं म्हणणं होतं की पलंगावरच्या, म्हणजे पुढच्या व्हेंटला वरून हूडही लावू, म्हणजे झाकणावर बसणारं, बाजूनं हवा येऊ देणारं टोपण. मला तो निव्वळ खर्च वाटत होता. झाकण असताना झाकणावर आणखी झाकण कशाला? माझा विरोध असतानाही तिनं मागवला. छपराला एकही भोक पाडावं लागलं नाही. व्हेंटच्या उभ्या कडांना चार ब्रॅकेट बसतात आणि त्यांवर हूड. पहिले तीन महिने मी म्हणत राहिलो की आत अंधार झाला, वारा कमी झाला. वारा थोडा कमी होतो, हे आजही म्हणेन.

पण गेल्या ऑगस्टमध्ये मोगोयॉन रिम या अ‍ॅरिझोनातल्या उंच कड्यावर दुपारभर पाऊस कोसळत होता आणि खाली आम्ही झाकण पूर्ण उघडं ठेवून पोहे करत होतो. वाफ वर जात होती, पाण्याचा थेंब आत नाही. त्या दिवशी माझं मत बदललं. यार्डातही आता ते झाकण कायम किंचित उघडं असतं. दार उघडल्यावर पूर्वी तोंडावर भट्टीसारखा झोत यायचा, तो बराच कमी झालाय.

आणि गेल्या रविवारी छप्पर धुताना जे दिसलं त्यासाठीच हे लिहायला बसलो. हूडखालचं झाकण १४ महिन्यांनी आणल्या दिवशीसारखं चकचकीत आहे. त्यावर थेट ऊन पडलेलंच नाही. उघड्यावरचं स्वयंपाकाकडचं झाकण दाबलं तर लवचीक आहे, फक्त कडेला किंचित पिवळसर झाक आलीय. बाथरूमच्या स्वस्त झाकणावरून अंगठा फिरवला, तर पुन्हा तीच पांढरी भुकटी. एकाच उन्हाळ्यात. तिथे वाचवलेले वीस डॉलर मला आता दुप्पट मोजावे लागणार आहेत.

हूडला खोट एकच. बाजूच्या फटींतून गांधीलमाश्या शिरतात आणि आतल्या कोपऱ्यात मातीचं घर बांधतात. महिन्यातून एकदा क्लिपा काढून हूड वर करून पाहावं लागतं, आणि दोन क्लिपा तर पहिल्याच वर्षात ताठ झाल्या.

बाथरूमसाठी पॉलिकार्बोनेटचं झाकण आणि हूड दोन्ही मागवलंय. यावेळी फोटो आधी पाठवला आणि बिजागरी जुळल्याचं उत्तर आल्यावरच पैसे भरले. मार्चच्या आत चढवून टाकेन.