बिलात लिहिलेलं काम गाडीत झालंच नव्हतं

अधिकृत सर्व्हिस सेंटरचं बिल छापील असतं. त्यावर पार्ट नंबर असतात, मजुरी वेगळी दाखवलेली असते, खाली शिक्का असतो. त्यामुळे त्यात लिहिलेलं प्रत्येक काम झालंय असं कुणालाही वाटेल. माझ्या गाडीच्या बिलात एअर फिल्टर बदलल्याचं लिहिलं होतं, तो बदललेला नव्हता. ब्रेक ऑइल बदलल्याचं लिहिलं होतं, तेही जुनंच होतं. इंजिन ऑइल मात्र खरंच बदललं होतं, आणि ते बदलताना केलेल्या हलगर्जीपणामुळे भर रस्त्यात इंजिन बसायची वेळ आली. गाडीत माझ्यासोबत आई होती. हे सगळं सविस्तर लिहितेय, कारण इथे फक्त पैसे जात नाहीत. असल्या कामाने जीव जाऊ शकतो, आणि वर तुम्हालाच दोष देऊन ती माणसं मोकळी होतात.

गाडी वॉरंटीत आहे, त्यामुळे ठरलेल्या किलोमीटरला ती तिथेच द्यावी लागते. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरने गाडीभोवती फेरी मारली, टॅबवर फोटो काढले, जॉब कार्ड केलं आणि मग जादा कामांची यादी सुरू केली. इंजिन फ्लश, इंजेक्टर क्लीनिंग, एसी डिसइन्फेक्शन, खालून कोटिंग. "मॅडम, आत्ता केलं नाही तर पुढे इंजिनचं मोठं काम निघेल." मी डॅशबोर्डमधलं मॅन्युअल काढून सर्व्हिस शेड्यूलचं पान त्याच्यासमोर धरलं. त्या तक्त्यात यातलं काहीच नव्हतं. तो विषय तिथेच संपला. गाडी बनवणारी कंपनी वेगळी आणि डीलर वेगळा, हे लक्षात ठेवा. डीलरचा स्वतंत्र धंदा असतो आणि अ‍ॅडव्हायझरवर बहुतेक ठिकाणी अशा जादा कामांचं टार्गेट असतं. गाडीला काय लागतं ते मॅन्युअल सांगतं, अ‍ॅडव्हायझर नाही.

संध्याकाळी गाडी मिळाली ती चकाचक. टायरला पॉलिश, डॅशबोर्डला पॉलिश, पायाखाली कागदी मॅट. आधी बिल भरायचं, मग गेट पास, मग गाडी, असा तिथला क्रम. म्हणजे पैसे देईपर्यंत बॉनेट उघडून बघायची सोयच नाही. जुने पार्ट मागितले तर उत्तर आलं, "ते स्क्रॅपला गेले, मॅडम." शिवाय विनवणी, की कंपनीतून फोन येईल तेव्हा दहापैकी दहा द्या, नाहीतर आमचा इन्सेंटिव्ह कापतात. त्या मुलाची अडचण खरी असेल. पण ज्या रेटिंगवरून कंपनी कामाचा दर्जा ठरवते, ते काम तपासायच्या आधीच मागून घेतलं जातं, त्याला काय अर्थ राहिला?

त्यानंतर काही दिवसांनी हायवेवर असताना मीटरमध्ये ऑइलच्या कॅनचा लाल दिवा लागला. मी गाडी कडेला घेतली आणि इंजिन लगेच बंद केलं. हा दिवा फार जणांना नीट माहीत नसतो म्हणून सांगते. पिवळा चेक इंजिनचा दिवा लागला तर बहुतेक वेळा हळूहळू गॅरेजपर्यंत जाता येतं. लाल ऑइलचा दिवा तसा नाही. तो ऑइलचं प्रेशर पडल्याचं सांगतो, म्हणजे तो लागेपर्यंत चेंबरमधलं, म्हणजे इंजिनच्या तळाशी असलेल्या भांड्यातलं, ऑइल बहुधा धोक्याइतकं कमी झालेलं असतं. क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनातला मुख्य फिरणारा दांडा, आणि त्याला आधार देणारं बेअरिंग यांच्यामध्ये ऑइलचा पातळ थर असतो, त्यावरच सगळं फिरतं. तो थर गेला की धातूवर धातू घासतो आणि इंजिन जाम व्हायला वेळ लागत नाही. 'पुढच्या पंपापर्यंत तरी जाऊ' हा विचार तेव्हा करूच नका. टोइंग मागवा.

डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी बघायची पट्टी, काढली तर टोकाला ऑइलचा थेंबही नव्हता. घरी पार्किंगमध्ये खाली एकही डाग पडलेला नव्हता, त्यामुळे ऑइल गेलं कुठे हेच कळेना. ते नंतर समजलं. इंजिनखाली प्लास्टिकचं कव्हर असतं. गळलेलं ऑइल त्या कव्हरवर साचतं आणि गाडी पळताना मागे उडून जातं. जमीन कोरडी म्हणजे गळती नाही, असं अजिबात नाही.

टोइंग व्हॅनने गाडी त्याच सर्व्हिस सेंटरला नेली आणि रॅम्पवर चढवताना मी तिथे हजर राहणार असं सांगितलं. "कस्टमरला आत अलाउड नाही, सेफ्टीचा नियम आहे." मी हेल्मेट घालते, पिवळ्या पट्टीच्या बाहेर उभी राहते, पण माझ्यासमोरच उघडायचं, असं म्हणून तिथेच थांबले. शेवटी मॅनेजर आला आणि आत जाऊ दिलं. फोनवर व्हिडिओ चालू ठेवला.

कव्हर उतरवलं तसं त्यातलं काळं ऑइल पसरट धारेने खाली आलं. चेंबरचा बोल्ट, ज्यातून जुनं ऑइल काढतात तो, ओला होता आणि त्याच्या डोक्याभोवती थेंब लटकत होते. मॅनेजर बोल्टकडे न बघताच म्हणाला, "मॅडम, खालून दगड लागलेला दिसतोय. हे वॉरंटीत नाही येणार." मी टॉर्च मागून घेतला आणि पूर्ण चेंबरवरून फिरवला. कुठेही पोचा नाही, ओरखडा नाही. कव्हरसुद्धा अखंड. दगड कव्हरला न लागता बोल्टला कसा लागला, याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. बोल्ट काढल्यावर आट्यांमध्ये अ‍ॅल्युमिनियमचा चकचकीत कीस अडकलेला दिसला. वॉशर चपटा झालेला, एका बाजूने कडा दबलेली. रॅम्पवरचा वयस्कर मेकॅनिक, मॅनेजर फोनवर बोलत असताना, हळूच म्हणाला, "ताई, आटे गेलेत. गनने आवळलाय." त्या काकांचा काही दोष नव्हता आणि खरं बोलणारा तिथे तो एकटाच भेटला.

यात नेमकं काय बिघडतं तेही सांगते, कारण तुमच्याही गाडीत हेच होऊ शकतं. बऱ्याच गाड्यांचं चेंबर अ‍ॅल्युमिनियमचं असतं आणि बोल्ट लोखंडी. अ‍ॅल्युमिनियमचे आटे मऊ असतात. बोल्ट आधी हाताने फिरवून बसवायचा आणि मग टॉर्क रेंचने, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने, कंपनीने दिलेल्या मापाइतकाच आवळायचा, अशी पद्धत आहे. घाईत हवेच्या गनने सरळ ठोकला की आटे फाटतात. वॉशर तांब्याचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर तो आवळताना दबतो आणि दबल्यामुळेच फट बंद होते. म्हणून तो दर ऑइल चेंजला नवा टाकायचा असतो. सगळ्या बिलातली सर्वांत स्वस्त वस्तू हीच. माझ्या बिलात नवा वॉशर लावलेला होता, बोल्टवर मात्र जुनाच होता.

हे बघितल्यावर बाकीच्या कामांवर विश्वास ठेवायचं कारणच उरलं नाही. मी तिथेच एअर फिल्टरचा डबा उघडायला लावला. चार क्लिपा काढायच्या, एवढंच काम. आत फिल्टरच्या घड्या मातीने भरलेल्या, एका कोपऱ्यात वाळलेली पानं आणि मेलेला किडा. काही दिवसांत इतकी माती बसत नाही. अ‍ॅडव्हायझर म्हणाला, "बिलिंगमध्ये चुकून आलं असेल." चुकून आलेल्या पार्टची मजुरीपण बिलात कशी, हे विचारल्यावर तो सिस्टीमला दोष द्यायला लागला.

ब्रेक ऑइलचं प्रकरण मला सगळ्यांत जास्त लागलं. बॉनेटखालच्या छोट्या डबीतलं ऑइल गडद तपकिरी होतं. नवं ऑइल फिकट पिवळसर, जवळजवळ पारदर्शक असतं. रंगावरूनच निकाल लावायचा नाही म्हणून दुसऱ्या गॅरेजमध्ये ओलावा मोजणाऱ्या पेनने तपासून घेतलं, तिथेही पाण्याचं प्रमाण जास्त निघालं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, म्हणून बहुतेक कंपन्या ते साधारण 2 वर्षांनी बदलायला सांगतात. डॉट 4 प्रकारच्या कोऱ्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सियस असावा लागतो. त्यात 3.7 टक्के पाणी मिसळलं की मानकानुसार तो 155 पर्यंत उतरलेला चालतो. लांब उतारावर सतत ब्रेक दाबला की ऑइल तापतं, उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल नुसतं खाली जातं. गाडी थांबत नाही. हे काम न करता त्याचे पैसे घेणाऱ्या माणसाला या गाडीत लहान मुलं बसत असतील, म्हातारी माणसं बसत असतील, असा विचार एकदाही शिवला नसेल का?

पुढचा भाग भांडणाचा आहे, थोडक्यात सांगते. काउंटरवरच्या बोलण्याने काहीच हललं नाही. रोज नवा माणूस, रोज 'साहेब मीटिंगमध्ये आहेत'. मग मी सगळं लेखी केलं. कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल, त्यात चासी नंबर, जॉब कार्डचा नंबर, दोन्ही वेळचं किलोमीटर रीडिंग, व्हिडिओ, फिल्टरचे फोटो आणि बिलाची प्रत. डीलरने गाडी घेताना स्वतः टॅबवर काढलेले फोटोही मागितले, कारण आता माझ्या बाजूने तोच पुरावा होता. त्यानंतर कंपनीचा एरिया इंजिनिअर आला आणि बोल्ट बघून दगडाची गोष्ट त्यानेच बाजूला ठेवली. नवं चेंबर, नवा बोल्ट, ऑइल, फिल्टर आणि ब्रेक ऑइल, सगळं त्यांच्या खर्चाने झालं. न केलेल्या कामांचे पैसे परत आले. चूक आमची होती, असं एक वाक्य मात्र कुणी लिहून दिलं नाही.

तुम्हाला गाडी द्यायची असेल तर 'जुने पार्ट परत हवेत' हे जॉब कार्डवरच लिहून घ्या, तोंडी नको. सही करण्याआधी कार्ड पूर्ण वाचा, 'जनरल चेकअप' अशा मोघम ओळीवर सही करू नका. तुमची तक्रार तुमच्याच शब्दांत लिहायला लावा, 'आवाज येतो' एवढंच नाही तर केव्हा येतो, कुठून येतो तेही. किलोमीटर रीडिंगचा आणि इंधनाच्या काट्याचा फोटो काढा. फिल्टरच्या कडेला, ब्रेक ऑइलच्या डबीवर आधी छोटी खूण करून ठेवा आणि डबीतल्या ऑइलचा फोटोही घ्या. एस्टिमेटपेक्षा जास्त काही करायचं असेल तर मेसेजवर परवानगी घ्या, असं सांगून ठेवा. फोनवर 'हो' म्हणू नका, नंतर कुणाला काही आठवत नाही.

गाडी घेताना अंधार पडायच्या आत जा. पैसे देण्याआधी बॉनेट उघडून मागा. नाही म्हणाले तर तसं लेखी द्या म्हणा, बहुतेक वेळा लगेच उघडतात. सपाट जागेवर, इंजिन बंद करून काही मिनिटांनी डिपस्टिक पुसून पुन्हा घाला. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. वरच्या खुणेच्या पुढेही नको, कारण जास्त झालेलं ऑइल क्रँक घुसळतो, फेस येतो आणि सील जातात. चाकं काढली असतील तर नट योग्य टॉर्कने आवळलेत का ते विचारा आणि थोडं चालवल्यावर पुन्हा तपासून घ्या. पहिल्या आठवड्यात डिपस्टिक परत एकदा बघाच. या एका गोष्टीने तुमचं इंजिन वाचू शकतं.

माझी एक मागणी अजून अडकली आहे. काही काळ का होईना, ते इंजिन अपुऱ्या ऑइलवर चाललंय. बेअरिंगना काय इजा झाली असेल ती आज दिसणार नाही, वर्षा-दोन वर्षांनी वॉरंटी संपल्यावर दिसेल. म्हणून इंजिनच्या आतल्या भागांची वाढीव लेखी हमी मी मागितली आहे. कस्टमर केअरच्या नोंदीत माझी तक्रार 'ग्राहक समाधानी, बंद' अशी दाखवली होती. मी तसं काहीही कळवलेलं नव्हतं. ती पुन्हा उघडायला लावली आहे, आणि हमीचं पत्र हातात पडेपर्यंत ती उघडीच राहील.