फुकटच्या फॉर्मचे सदतीस हजार

ईस्टर आयलंडला, म्हणजे पॅसिफिकमधल्या चिलीच्या बेटावर, जायचं मनात असेल तर आधी हे वाचा. आम्ही दोघं नवरा-बायको जाऊन आलो, तिथले मोआई, म्हणजे ते प्रचंड दगडी पुतळे, डोळे भरून पाहिले. पण एका कागदाला सदतीस हजार मोजले आणि तो कागद रद्दीच्या लायकीचा निघाला.

एजंट ओळखीतलाच, मेव्हण्याच्या मित्राने दिलेला. तो म्हणाला, "दादा, चिलीचा व्हिसा आहे तो ठीक, पण बेटाला वेगळं परमिट लागतं. माणशी साडेअठरा हजार." त्याची गंमत अशी की यात अर्धं खरं होतं. बेटावर जाणाऱ्या प्रत्येक पर्यटकाला एक फॉर्म भरावा लागतो, एफयूआय नावाचा. २०१८ च्या कायद्याने मुक्काम ३० दिवसांवर आणलाय, म्हणून परतीचं तिकीट बघतात, आणि राहायची जागा चिलीच्या पर्यटन खात्याकडे, म्हणजे सेर्नातुरकडे, नोंदलेली लागते. फॉर्म ऑनलाइन आहे आणि पूर्ण फुकट आहे!

आम्हाला मिळाली एक पीडीएफ. वर मोआईचं चित्र, खाली गोल निळा शिक्का. चिलीच्या राजधानीत, सान्तियागोच्या विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने ती उलटसुलट करून पाहिली आणि हसून परत दिली. मग बुकिंगमधल्या घराचं नाव शोधलं. सेर्नातुरच्या यादीत नाही. पुन्हा शोधलं. नाही. मागे रांग, पुढे साडेपाच तासांचं विमान, आणि बायको माझ्याकडे बघतेय (ते बघणं वेगळंच असतं). शेवटी तिथेच मोबाइलवर बेटावरच्या हांगा रोआ गावातली एक नोंदणीकृत केबिन घेतली, दुप्पट दराने, आणि फॉर्म भरला. दहा मिनिटं लागली.

दुसरा फटका बेटावर. पॅकेजमध्ये 'गाईडसह' होतं. सकाळी आला तो नुसता ड्रायव्हर. रानो राराकू ही मोआई घडवायची खाण, जवळजवळ ४०० पुतळे तिथे अजून अर्धवट किंवा मानेपर्यंत मातीत उभे आहेत. फाटकावर सांगितलं, मान्यताप्राप्त गाईडशिवाय आत सोडणार नाही. ड्रायव्हर खांदे उडवून गाडीत जाऊन बसला. पार्कचं तिकीटही आम्हालाच काढावं लागलं. ते १० दिवस चालतं, पण रानो राराकू आणि ओरोंगो या दोन ठिकाणी एकदाच प्रवेश, म्हणून ती दोन्ही गाईड ठरवूनच करा. आम्ही दुसऱ्या दिवशी एका रापानुई, म्हणजे बेटावरच्याच मूळच्या, गाईड बाईंबरोबर गेलो. त्यांनी जे दाखवलं त्याला तोड नाही.

टोंगारिकीला सूर्योदयाला पोहोचलो, पंधरा मोआई ओळीने, पाठीमागे समुद्र. रागाच्या भरातही मी तो फोटो एजंटला पाठवला आणि खाली लिहिलं, पैसे परत करा. निळ्या टिका आल्या, उत्तर नाही.

परवा त्याचं स्टेटस पाहिलं. माझाच फोटो. खाली, 'आमचे समाधानी ग्राहक, ईस्टर आयलंड'.