सिंगापूरची निविदा की मॅसॅच्युसेट्सचं मतदान?

कॅसिनो रिसॉर्ट कुणाला द्यायचं, हे सिंगापूरने सरकारी पातळीवरच ठरवलं. मरीना बेच्या जमिनीची किंमत आधीच १.२ अब्ज सिंगापूर डॉलर अशी बांधून टाकली, त्यामुळे जमिनीवर बोली चढवायला वावच नव्हता. चुरस आराखड्यांची: मूल्यांकनात पर्यटनाला ४० टक्के, वास्तुरचनेला ३० टक्के वजन. २००६ मध्ये लास व्हेगास सँड्स या अमेरिकी कॅसिनो कंपनीने बाजी मारली. लोकांचं मतदान मात्र झालं नाही.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या २०११ च्या कॅसिनो कायद्यात आधी स्थानिक पालिकेशी करार, मग तिथल्या रहिवाशांचं मतदान, आणि शेवटी राज्याच्या जुगार आयोगाचा निवाडा. २०१४ मध्ये बॉस्टनलगतच्या एव्हरेटमधल्या विन कंपनीच्या प्रस्तावाने रिव्हीरमधल्या मोहिगन सन कंपनीच्या प्रस्तावाला आयोगाच्या ३-१ मतांनी हरवलं. वेळखाऊ कारभार, कबूल. पण ज्यांच्या दारात गर्दी येणार, त्यांना निदान विचारलं तरी! मला हीच पद्धत पटते, इमारत सिंगापूरची कितीही देखणी असो.